दाराशी सौदा नाही

आम्ही ओंटारिओत राहणारी मराठी माणसं आहोत. मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मिल्टन, ओकव्हिल, किचनर, ऑटवा अशा गावांत विखुरलेली. कुणाला इथं येऊन पंचवीस वर्षं झाली, कुणाच्या बॅगा अजून पुरत्या उघडल्या नाहीत. आज आम्ही मिळून जाहीर करतो, की वीज, गॅस, फर्नेस, एसी, पाणी तापवायची टाकी, पाण्याचा फिल्टर यांपैकी कशाचाही करार यापुढे आमच्या दाराशी होणार नाही. कागदावर नाही, टॅब्लेटवर नाही, फोन कानाला लावून ‘येस, येस’ म्हणूनही नाही. आणि ज्या घरात असा करार आधीच गळ्यात मारला गेला आहे, त्या घराला आम्ही एकटं सोडणार नाही.

कायदा नाही म्हणून आम्ही उभे राहिलेलो नाही. कायदा आहे आणि तो बऱ्यापैकी कडक आहे. तरी घरं फसतात, कारण फसवणारा दुपारी येतो आणि कायद्याची आठवण रात्री, बिल हातात आल्यावर होते. मधल्या वेळात सही झालेली असते, टाकी बदललेली असते आणि घरातलं माणूस गप्प झालेलं असतं. हे मधलं अंतर भरून काढणं हेच आमचं काम आहे.

हे इथवर कसं आलं, ते आधी नीट समजून घेऊ.

१ मे २००२ रोजी ओंटारिओतला विजेचा बाजार खुला झाला आणि किरकोळ वीजविक्रेते दारोदार फिरू लागले. गॅसचे करार घेऊन फिरणारे त्याआधीपासूनच होते. त्यांचं म्हणणं ऐकायला शहाणपणाचं वाटायचं: दर वाढणारच आहेत, आजचा दर पाच वर्षांसाठी बांधून घ्या. नोकरी नवी, घराचं कर्ज नवं, हिवाळा कसा असतो ते माहीत नाही, अशा माणसाला ‘बांधलेला दर’ म्हणजे आधार वाटला तर त्यात त्याचं काय चुकलं? पण २००८ नंतर गॅसचे दर उतरले आणि ज्यांनी दर बांधून घेतला होता ते चढा दर भरत राहिले.

विजेच्या करारातला खड्डा याहून खोल होता, आणि तो दिसतच नव्हता. इथं बाजारातल्या विजेचा भाव एक असतो, आणि वीज बनवणाऱ्यांना कबूल केलेली रक्कम दुसरीच असते. हा फरक ग्राहकांकडून वसूल होतो, त्याला ग्लोबल ॲडजस्टमेंट म्हणतात. जो ग्राहक आपल्या गावच्या वीज कंपनीकडून नियंत्रित दराने वीज घेतो, त्याच्या दरातच हा आकार धरलेला असतो. जो विक्रेत्याशी करार करतो, त्याच्या बिलात मात्र तो वेगळी ओळ होऊन येतो. दारात आलेला माणूस दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवायचा, एक वीज कंपनीचा, एक त्याचा. पहिल्यात ग्लोबल ॲडजस्टमेंट होती, दुसऱ्यात नव्हती. ते तो सांगायचा नाही आणि समोरच्याला विचारायचं सुचायचं नाही. ओंटारिओच्या ऑडिटर जनरलनी २०११ च्या अहवालात हे मांडलं, की असे करार केलेली घरं विजेसाठी ३५ ते ६५ टक्के जास्त मोजत असू शकतात. हा पैसा कुणाच्या चैनीतून गेला नाही. तो मुलांच्या पोहण्याच्या क्लासातून गेला, भारतात पाठवायच्या पैशांतून गेला.

विक्रेत्यांना वेसण घालायला २०१० चा ऊर्जा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि १ जानेवारी २०११ पासून लागू झाला. करार रद्द करायला दहा दिवस मिळाले, कराराखालचं पहिलं बिल आल्यावर तीस दिवसांत दंडाशिवाय बाहेर पडायची वाट मिळाली, दराची तुलना दाखवणारा कागद सक्तीचा झाला. तरीही तक्रारी थांबल्या नाहीत. शेवटी १ जानेवारी २०१७ पासून सरकारने दारात उभं राहून वीज-गॅसचे करार विकायलाच बंदी घातली. अल्बर्टातही त्याच दिवशी अशी बंदी लागू झाली.

पण विकणारे घरी बसले नाहीत. त्यांनी माल बदलला. विजेच्या दराऐवजी ते पाणी तापवायची टाकी, फर्नेस, एसी, फिल्टर भाड्याने देऊ लागले. मग १ मार्च २०१८ पासून या वस्तूंसाठीही, ग्राहकाने बोलावल्याशिवाय दारात येऊन करार करण्यावर बंदी आली. हा नियम प्रत्येक मराठी घराला तोंडपाठ हवा, म्हणून सविस्तर सांगतो. न बोलावता आलेल्या विक्रेत्याने केलेला असा करार मुळातच रद्दबातल ठरतो. वस्तू बसवली असली तरी ती ग्राहकाने ठेवून घ्यायची मुभा आहे आणि तिचे पैसे देणं लागत नाही. ज्या कंपनीशी आपला आधीपासून करार आहे तिलासुद्धा नवं काही विकायला यायचं तर आधी आपली संमती घ्यावी लागते. आणि ग्राहकाशी संपर्क कसा झाला याची नोंद ठेवणं ही कंपनीची जबाबदारी आहे, तुमची नव्हे.

इतकं असून काय घडतं, ते आमच्यापर्यंत आलेल्या हकिगतींतून सांगतो. तपशील घरागणिक वेगळे, चाल तीच.

दुपारचे दोन वाजलेले असतात. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत. सुपर व्हिसावर आलेली आई घरात एकटी. बेल वाजते. बाहेर गळ्यात ओळखपत्र आणि अंगात चमकदार पट्ट्यांचं जाकीट घातलेला तरुण उभा असतो. इथं विजेला सगळे हायड्रो म्हणतात, तोही म्हणतो, “हायड्रोच्या कामासाठी आलोय.” विकायचं नावही काढत नाही. बिल दाखवता का, एवढंच विचारतो, किंवा टाकी किती जुनी आहे ते बघायचंय म्हणतो. आई त्याला आत घेते, कारण दारात आलेल्याला उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवायची तिला सवय नाही. ती पाणी आणते. तो बेसमेंटमध्ये उतरतो, टाकीवरच्या स्टिकरचा फोटो काढतो, मान हलवतो. ही जुनी झाली, गॅस खाते, सरकारची योजना आहे, नवी फुकट बसवून मिळेल. कधी कधी तो टाकीवर एक रंगीत टॅगही अडकवतो. धोकादायक उपकरणावर टॅग लावायचं काम प्रमाणपत्र असलेल्या गॅस तंत्रज्ञाचं असतं, हे आईला कुठून माहीत असणार?

मग टॅब्लेट पुढे येतो. इथं जरा थांबून बघा. मजकूर पडद्यावर असतो, पण तो माणूस अंगठ्याने भराभर वर सरकवत नेतो आणि सहीच्या चौकटीपाशीच थांबतो. बोटाने इथं सही, पुढच्या पानावर नुसती आद्याक्षरं, परत एकदा आद्याक्षरं. कुणाच्या नावाने, किती वर्षांसाठी, महिना किती, दरवर्षी वाढ किती, मधेच सोडलं तर काय भरायचं, हे सगळं त्या सरकून गेलेल्या मजकुरात राहतं. ईमेलचा पत्ता तोच टाइप करतो. पुढं फोन येतो, “हेड ऑफिसमधून दोन-चार प्रश्न विचारतील, फक्त येस म्हणा.” आई येस म्हणते. त्याच संध्याकाळी व्हॅन येते, जुनी टाकी काढून नेते, नवी लावते. एवढी घाई का? जुनी टाकी एकदा घरातून गेली की माणूस ‘आता काय करणार’ म्हणतो, यासाठी. पदरी पडलं आणि पवित्र झालं, ही आपली मनाची समजूत त्यांच्या फायद्याची असते.

फुकट असते ती टाकी बसवण्याची मजुरी. भाडं फुकट नसतं. समजा महिन्याला १२० डॉलर लावले, तर दहा वर्षांत १४,४०० डॉलर होतात, आणि त्यात दरवर्षीची वाढ अजून धरलेली नाही.

वाईट गोष्ट पुढेच आहे. बऱ्याच कंपन्या अशा कराराच्या जोरावर घराच्या नोंदीवर ‘नोटीस ऑफ सिक्युरिटी इंटरेस्ट’ चढवायच्या. गावाकडे सातबाऱ्यावर इतर हक्कांत बोजा चढतो, तसाच हा प्रकार, फरक इतकाच की इथं घरमालकाला त्याची कानोकान खबर नसायची. घर विकायला काढलं किंवा कर्ज नव्या बँकेकडे न्यायचं ठरलं, की वकील सांगायचा, तुमच्या घरावर बोजा आहे, तो उतरवल्याशिवाय व्यवहार पुढे जाणार नाही. मग कंपनी म्हणेल तो आकडा भरायचा. काही वयस्कर माणसांना तर हे बोजे उतरवून देतो असं सांगून चढ्या व्याजाच्या गहाणखतात ढकललं गेलं. ६ जून २०२४ रोजी ओंटारिओने ग्राहकांच्या घरांवर असे बोजे चढवायला बंदी केली आणि आधीचे बोजेही संपुष्टात आले असं ठरवलं. त्या दिवशी अनेक घरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण लक्षात ठेवा, बोजा गेला म्हणजे करार गेला असं होत नाही. कंपनी पैसे मागत राहू शकते, वसुलीवाल्याचे फोन येऊ शकतात. तो करार वेगळा लढावा लागतो.

हे फक्त कॅनडात घडलं असं समजू नका. ब्रिटनमध्ये मोठमोठ्या वीज-गॅस कंपन्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं. २०११ मध्ये एकामागून एक कंपन्यांनी दारोदार विक्री थांबवली आणि २०१३ मध्ये तिथल्या नियामकाने एसएसई या कंपनीला फसव्या विक्रीबद्दल १ कोटी ५ लाख पौंडांचा दंड केला. नावाजलेली कंपनी असली, माणसाला पगार असला, तरी दारात उभं राहून पाच मिनिटांत सही घ्यायची ही पद्धतच खोटं बोलायला भाग पाडते. खरं सगळं सांगायला पाच मिनिटं पुरत नाहीत.

आता आमच्या मनातलं बोलतो. आपल्या घरात ही चाल इतकी सहज का लागू पडते?

भीड, हे एक कारण. भीड भिकेची बहीण, हे लहानपणापासून ऐकलं, तरी ती आपल्या हाडांत आहे. ‘नको’ म्हणायला आपल्याला कारण शोधावं लागतं, आणि कारण सांगितलं की समोरच्याकडे त्याचं उत्तर तयार असतं. “मुलाला विचारते” म्हटलं की तो म्हणतो, मुलाला फोन लावा, मीच बोलतो. “आमचं घर भाड्याचं आहे” म्हटलं की म्हणतो, मग तर तुमचा फायदाच. आमचं सांगणं असं, की कारण द्यायचंच नाही. “नको” एवढंच म्हणायचं आणि दार लावायचं. आईने पाणी देणं सोडावं असं आम्ही मुळीच म्हणत नाही. उन्हातून आलेल्या पोराला पाण्याची बाटली द्यावी, ती पायरीवर द्यावी.

दुसरं कारण याहून जड आहे, ती लाज. फसलेलं घर बोलत नाही. सून सासूबाईंना काही म्हणत नाही, पण चेहऱ्यावरून कळतं. सासूबाई आठवडाभर नीट जेवत नाहीत. इंजिनियर असलेला मुलगा मित्रांना सांगत नाही, कारण ‘तुझ्या घरी असं कसं झालं?’ हा प्रश्न त्याला नको असतो. आणि याच गप्प बसण्याच्या काळात रद्द करायचे दहा दिवस निघून जातात. गणपतीत भेटणारी तीन घरं एकाच माणसाकडून, एकाच महिन्यात फसली आणि तिघांनाही एकमेकांचं माहीत नव्हतं, असं होऊ शकतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. तोंड आपणच दाबलेलं असतं. म्हणून ही चळवळ सगळ्यांत आधी ही लाज मोडायला निघाली आहे. फसवणूक करणं हे रोजचं काम असलेल्या माणसाने एखाद्या दुपारी कुणाला फसवलं, तर दोष फसवणाऱ्याचा. फसलेल्या आईला कुणी बोललं, तर आम्ही त्याला तिथंच थांबवू.

दारात येणारा कोण असतो, तेही बघायला हवं. पुष्कळदा तो पुण्याहून, नागपूरहून, जालंधरहून, राजकोटहून शिकायला आलेला मुलगा असतो. कॉलेजची फी भरून हात रिकामे झालेले, खोलीचं भाडं थकलेलं. ‘मार्केटिंगची नोकरी’ म्हणून बोलावतात, हातात टॅब्लेट देतात, व्हॅनमधून एखाद्या वस्तीत सोडतात. सही मिळाली तर पैसे, नाही तर दिवस वाया. मालकाच्या जागेबाहेर फिरून कमिशनवर विक्री करणाऱ्याला ओंटारिओत किमान वेतनही लागू होत नाही, हा कायद्यातलाच अपवाद आहे. या मुलाला थंडीत उभं करणारा आपल्या घराच्या आसपासही फिरकत नाही. त्यामुळे आम्ही मुलांवर ओरडणार नाही, त्यांचे फोटो ग्रुपवर टाकून बदनामी करणार नाही. त्यांना सांगू, की बाळा, तू जे विकतोयस ते विकायला बंदी आहे, आणि हे काम सोडायचं असेल तर दुसरं शोधायला आम्ही मदत करू. आमच्यातल्या कुणाचं दुकान आहे, कुणाचं कार्यालय आहे, कुणी नुसतं चांगलं शिफारसपत्र लिहू शकतं. आणि आमच्याच कार्यक्रमांच्या जाहिरातींतून, आमच्याच ग्रुपवरून अशा ‘नोकऱ्या’ पसरत असतील तर त्या आम्ही बंद पाडू. कार्यक्रमाला प्रायोजक कमी पडला तरी चालेल.

आम्ही नव्या यंत्रांच्या विरोधात नाही. हीट पंप लावावा, सोलर लावावं, घर थंडीला घट्ट करावं. सरकारच्या सवलत योजनाही खऱ्या असतात. जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेली ‘होम रिनोव्हेशन सेव्हिंग्ज’ अशीच खरी योजना आहे. पण तिच्यासाठी आपण आपणहून जायचं असतं, माहिती घ्यायची असते. फर्नेस जुनी झाली असेल तर दोन-तीन ठिकाणांहून लेखी अंदाज मागवा, विकत घेणं आणि भाड्याने घेणं यांचा हिशेब घरात बसून मांडा, रात्र जाऊ द्या. खरा व्यापारी सकाळपर्यंत थांबतो.

विजेचं बिलही आपण एकदा नीट वाचायला शिकू. इलेक्ट्रिसिटी, डिलिव्हरी, रेग्युलेटरी चार्जेस, एचएसटी आणि खाली वजा होणारी ओंटारिओ इलेक्ट्रिसिटी रिबेट, अशा मोजक्या ओळी असतात. ती रिबेट घरगुती ग्राहकाला आपोआप मिळते, ती मिळवून द्यायला कुणी माणूस लागत नाही. कुणाशीही करार केला तरी डिलिव्हरीची ओळ जिथल्या तिथं राहते, म्हणजे ‘अर्धं बिल वाचवतो’ म्हणणारा तिथंच उघडा पडतो. वेळेनुसार दर, टप्प्याटप्प्याचा दर किंवा २०२३ पासून आलेला रात्रीचा अतिस्वस्त दर, यांतला जो परवडेल तो आपल्याच वीज कंपनीला कळवून घेता येतो. त्यासाठी दुसऱ्या कुणाशी करार करावा लागत नाही. आणि बिलाच्या वरच्या कोपऱ्यातला खाते क्रमांक कुणालाही दाखवायचा नाही. वीज दुसऱ्या विक्रेत्याकडे वळवायला विकणाऱ्यांना हवा असतो तो हाच. “बिल दाखवता का?” हा प्रश्न इतका साधा का असतो, ते यावरून कळावं.

हे काम आपल्याला परकं नाही. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. आमच्यातल्या कित्येकांच्या आया पंचायतीच्या गटातून महिन्याचं सामान घ्यायच्या, वजन तपासून घ्यायच्या, भेसळ दिसली तर बोलायच्या. भारतात १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा झाला त्यामागे अशा घराघरांतल्या बायकांचं बळ होतं. त्याच बायका आज इथं नातवंडं सांभाळायला येतात आणि इंग्रजी टॅब्लेटपुढं एकट्या पडतात, हे आम्हाला सहन होत नाही. त्यांना आम्ही या चळवळीत पुढे बसवू. तूरडाळीचा खडा ओळखणाऱ्या डोळ्यांना करारातला खडा ओळखायला वेळ लागणार नाही, फक्त तो मराठीत समजावून सांगायला हवा.

म्हणून आम्ही स्वतःला बांधून घेतो. आमच्यापैकी प्रत्येक घर आपल्या दाराच्या आतल्या बाजूला, आई-बाबांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरांत मराठीत लिहून लावेल: बिल दाखवायचं नाही, बेसमेंटमध्ये न्यायचं नाही, कशावरही बोट टेकवायचं नाही, फोनवर येस म्हणायचं नाही. खाली दोन फोन नंबर असतील, एक घरच्या माणसाचा आणि एक दिवसा घरी असणाऱ्या शेजाऱ्याचा. प्रत्येक गावात दिवसा फोन उचलणारी चार-पाच माणसं आम्ही नेमू. निवृत्त झालेले काका, घरून काम करणारी ताई, रात्रपाळी करणारा कुणी. फोन आला की त्यांनी आधी दार लावायला सांगायचं, बाकीचं मग.

सही झालीच असेल तर पहिल्या दहा दिवसांत करार रद्द करायची लेखी नोटीस आम्ही त्याच रात्री लिहून देऊ. ईमेलने पाठवू, आणि रजिस्टर्ड पोस्टाने पण. दहा दिवस उलटून गेले असतील तरी धीर सोडायचा नाही. खोटं सांगून करार झाला असेल तर वर्षभराच्या आत तो रद्द करण्याचा हक्क कायदा देतो, आणि न बोलावता दारात येऊन झालेला असेल तर तो मुळातच टिकत नाही. प्रांतिक सरकारच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार कशी करायची, वीज-गॅसचा करार असेल तर ओंटारिओ एनर्जी बोर्डाकडे कसं जायचं, हे आम्ही शिकून घेत आहोत आणि शिकवणार आहोत. सरकारची फसव्या कंपन्यांची जी जाहीर यादी आहे, ‘कन्झ्युमर बिवेअर लिस्ट’, ती दर महिन्याला वाचून तिच्यातली आपल्या भागातली नावं मराठीत कळवू. तक्रार लपवून ठेवायची नाही, हा आमच्यातला एकमेव सक्तीचा नियम. नाव जाहीर करायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं, पण हकीगत आम्हाला सांगावी.

सरकारकडे आमचं मागणं आहे, आणि ते आम्ही आमदारांच्या कार्यालयात जाऊन, लेखी देऊन मागणार आहोत.

‘ग्राहकाने बोलावलं’ ही पळवाट बुजवा. आज कुणीतरी फोन करतं, ‘तुमच्या घराची ऊर्जा तपासणी मोफत करायची का?’ आपण ‘हो’ म्हटलं, की कंपनी तेच बोलावणं म्हणून दाखवते. फेसबुकवर एखाद्या बक्षिसाचा अर्ज भरला तरी तेच. ग्राहकाने आपणहून, नेमक्या त्या वस्तूसाठी बोलावलं हे कंपनीने सिद्ध करावं, आणि सिद्ध होत नसेल तर करार आपोआप रद्द धरावा. नोंद ठेवायची जबाबदारी कंपनीवर आहेच, ती नोंद ग्राहकाला करारासोबतच हातात द्यायला लावा.

२०१८ ची यादी उलटी करा. त्या यादीत टाकी, फर्नेस, एसी, फिल्टर आहेत. खिडक्या, दारं, पोटमाळ्याचं इन्सुलेशन, सोलर पॅनेल नाहीत. यादीत एक वस्तू घातली की विकणारे दुसऱ्या वस्तूकडे वळतात, हे २०१७ नंतर सगळ्यांनी पाहिलं. घराला जोडून बसवायची कुठलीही वस्तू न बोलावता दारात विकायला बंदी, असा सरळ नियम करा आणि अपवाद असतील तर ते मोजून लिहा.

करार विकत घेणाऱ्याला जबाबदार धरा. दारात आलेली कंपनी सही झाली की तो करार वित्त कंपनीला विकून मोकळी होते, सहा महिन्यांनी तिचा फोनही लागत नाही. वित्त कंपनी म्हणते, आम्ही फक्त करार घेतला, तुम्हाला कुणी काय सांगितलं ते आम्हाला माहीत नाही. ज्याने कराराचे पैसे वसूल करायचे, त्यानेच त्या कराराच्या जन्माची जबाबदारी घ्यावी. हे एक झालं तर वित्त कंपन्या स्वतःच अशा विक्रेत्यांना दारं बंद करतील, कारण खोटा करार त्यांच्या अंगलट येईल. आमच्या सगळ्या मागण्यांत आम्ही हिला सर्वांत जास्त मोल देतो. एका वेळी एकच मिळणार असेल तर आम्ही हीच मागू.

फसव्या कंपन्यांच्या यादीत कंपनीच्या नावासोबत तिच्या संचालकांची नावंही ठळक द्या. पाटी बदलते, माणसं तीच राहतात.

आणि करार रद्द करण्याचे दहा दिवस ग्राहकाला समजणाऱ्या भाषेत एका पानाचा सारांश मिळेल त्या दिवसापासून मोजा. टोरंटोच्या परिसरात कितीतरी भाषा घराघरांत बोलल्या जातात. मतदानाची माहिती अनेक भाषांत देता येते, तर दहा वर्षांच्या कराराचं एक पान देता यायला हवं.

ही चळवळ मराठीत सुरू होते आहे, कारण आमच्या आई-बाबांशी आम्ही मराठीत बोलतो. पण शेजारचे पंजाबी, गुजराती, तमिळ आजी-आजोबा त्याच दुपारी तीच बेल ऐकतात, आणि आमच्या आधी इथं आलेली इटालियन, पोर्तुगीज म्हातारी माणसंही. त्यांना हा कागद त्यांच्या भाषेत करून घ्यायचा असेल तर खुशाल घ्यावा, आमचं नाव घालायची गरज नाही. आम्ही अजून संस्था नोंदवलेली नाही, वर्गणी ठेवलेली नाही, पदाधिकारी नाहीत. ते लागलं तर पुढे बघू. आत्ता माणसं हवी आहेत: दिवसा फोन उचलणारी, इंग्रजी करार वाचून मराठीत सांगणारी, वकिली किंवा हिशेब जाणणारी, आणि आपल्यावर काय गुदरलं ते सांगायची तयारी असलेली.

मराठी शाळा सुटते तेव्हा, देवळात आरती झाल्यावर, कोजागिरीला, जिथं आपण एरवी भेटतोच तिथं आमचं एक टेबल असेल. येताना करार घेऊन या. करार नसेल तर बिल, बिल नसेल तर टाकीवरच्या स्टिकरचा फोटो, तोही नसेल तर तो माणूस कधी आला, काय म्हणाला, एवढं आठवून लिहून आणा. रद्द करण्याचा अर्ज आम्ही तुमच्या शेजारी बसून लिहू, आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करू.